फुगलेला खांब

नाव: बहिरू गेणभाऊ करगळ. वय: आधार कार्डाप्रमाणे एकसष्ट, आईच्या हिशेबाप्रमाणे बाहत्तरच्या दुष्काळात दोन कोकरं काखोटीला मारून चालता येईल एवढं. शिक्षण: निरंक. हुद्दा: पहारेकरी तथा पंपचालक तथा जिना झाडणारा, भैरवनाथ अपार्टमेंट सहकारी गृहरचना संस्था मर्यादित. तांत्रिक ज्ञान: निरंक. ओळखीची खूण: हातात बाभळीची काठी, जिचा सध्या काही उपयोग नाही. राहण्याचा पत्ता: सदर संस्थेचा तळमजला, खांब क्रमांक सी-सात व सी-आठ यांच्या दरम्यान. मंजूर नकाशाप्रमाणे सदर ठिकाणी सहा स्कूटर उभ्या राहतात.

पत्ता सोडला तर बाकीचं सगळं संस्थेच्या कर्मचारी नोंदवहीत सेक्रेटरी दादाभाऊंच्या अक्षरात आहे. दादाभाऊंनी तीस वर्षं एका दूध संस्थेची सचिवगिरी केली. त्या काळात दूध कधी नासलं असेल, वही कधीच नासली नाही. निवृत्तीनंतर ते पुणे–नाशिक रस्त्यावर पेठ गाव ओलांडून थोडं पुढे असलेल्या या इमारतीत राहायला आले आणि आल्याच्या दुसऱ्या महिन्यात तिचे सेक्रेटरी झाले. दुसरं कोणी तयार नव्हतं.

इमारत चौऱ्याण्णव सालची. खाली पार्किंग, वर तीन मजले, बारा घरं. बांधणारा मूळचा बटाट्याचा अडत्या. बटाटा पाहून पारखायचा असतो आणि काँक्रीट आतून, हा फरक त्याच्या लक्षात यायच्या आत इमारत उभी राहिली. काँक्रीट कालवलं ते आवारातल्याच बोअरच्या मचूळ पाण्यात. त्या पाण्याने आजही डाळ शिजत नाही.

बहिरू इथे आला तो बावीस वर्षांपूर्वी. बोरी बुद्रुकच्या माळावर त्याच्या बापाची दीडशे मेंढरं होती. वाटण्या झाल्या, रोग आला, माळाची शेतं झाली, आणि बहिरूच्या वाट्याला अठरा मेंढरं आणि काठी राहिली. मेंढरं विकून तो बायकोला, भिमाबाईला घेऊन इथे वॉचमन म्हणून लागला. पहिला पावसाळा दोघांनी जिन्याखाली काढला. मग दादाभाऊंनीच दोन खांबांच्या मध्ये विटांच्या भिंती घालून एक दार बसवून दिलं. ठरावात त्यांनी लिहिलं, 'स्कूटरना आडोसा'. बहिरूने आत खाट टाकली, सी-सात खांबाला खिळा मारून बिरोबाचा फोटो टांगला, खाली भंडाऱ्याची डबी ठेवली, आणि संसार सुरू झाला.

मेंढरं गेली तरी सवयी राहिल्या. मेंढरं वाड्यात शिरताना मोजावीत तशा संध्याकाळी फाटकात उभा राहून तो आत येणाऱ्या गाड्या मोजायचा. एखादी कमी असली की जेवायला बसायचा नाही. पहिल्या मजल्यावरच्या साळुबाई गॅलरीतून विचारायच्या, "बहिरू, भरला का वाडा?" तो म्हणायचा, "एक लंगडं मागं हाय आजून, येईल." लंगडं म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांची मोपेड.

दुसरी सवय ठोकण्याची. मेंढरू ओला चारा खाऊन फुगतं, तेव्हा डाव्या कुशीवर टिचकी मारून बघतात. नगाऱ्यासारखा ढब आवाज आला तर जनावर फुगलंय, लगेच काही तरी करायला हवं. बहिरूचं अर्धं आयुष्य असल्या टिचक्या मारण्यात गेलेलं. तीनेक वर्षांपूर्वी पार्किंगच्या एका कोपऱ्यात मूठभर गिलावा मोपेडच्या सीटवर पडला. बहिरूने सहज त्या खांबाला काठीने ठोकलं.

ढब.

शेजारच्याला ठोकलं. टण. त्याच्या पुढच्याला ठोकलं. ढब. असं करत त्याने सगळं पार्किंग फिरून काढलं आणि चार खांबांवर गेरूचा पट्टा ओढला. आजारी मेंढरू कळपात ओळखू यावं म्हणून मारतात तसा. मग दादाभाऊंकडे गेला.

"भाऊ, चार खांब फुगल्याती."

दादाभाऊ पेपर वाचत होते. "काय झाल्याती?"

"फुगल्याती. आतनं."

"खांबाने काय घास खाल्ला का रे ओला?"

"त्ये मला न्हाई ठावं. आवाज ढब येतोय."

"बहिरूबुवा," दादाभाऊ चष्म्यावरून बघत म्हणाले, "खांब सिमेंटचा असतोय. त्याला पोट नसतंय. आणि गेरू पुसून काढा, दिवाळीला पाहुणे येत्यात."

गेरू निघेना, म्हणून रंगाऱ्याला बोलावून चारी खांबांवर पुट्टी आणि फिका पिवळा ऑइलपेंट मारला. खांब इतके छान दिसायला लागले की बाकीच्या खांबांची लाज वाटू लागली. मग तेही रंगवले.

पुढल्या वर्षी तालुक्याच्या कचेरीतून नोटीस आली. 'आपल्या इमारतीस तीस वर्षे पूर्ण होत असल्याने संरचनात्मक लेखापरीक्षण करून अहवाल तीस दिवसांत सादर करावा.' दादाभाऊंनी ती उभ्यानेच वाचली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नोटीस वाचून आनंद झाला. लेखापरीक्षण! त्यांनी कपाट उघडलं, गेल्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट काढले, झेरॉक्स केल्या, प्रत्येक पानावर सही-शिक्का मारला आणि वर लिहिलं, 'संस्थेस सलग ऑडिट वर्ग अ प्राप्त आहे.' 'संरचनात्मक' हा शब्द त्यांना जरा नवा वाटला, पण दर दोन वर्षांनी सरकार लेखापरीक्षणाच्या आधी एक नवा शब्द लावतं हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

कचेरीतही ते पाकीट ज्याने उघडलं तो लेखापरीक्षण हाच शब्द शोधत होता. तो सापडला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: 'आपले लेखापरीक्षण प्राप्त झाले. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' दादाभाऊंनी ते फलकावर लावलं. आता भैरवनाथ अपार्टमेंटच्या खांबांना अ वर्ग होता.

हे असंच चालू राहिलं असतं. पण साळुबाईंचं दार लागेना.

साळुबाई मूळच्या पिंपरी पेंढारच्या. नवरा शिक्षक होता, त्याने हा फ्लॅट घेतला, मुलांची शाळा केली आणि गेला. मुलं पुण्याला गेली. साळुबाई राहिल्या, कारण इथून एसटीत बसलं की शेतावर जाता येतं आणि उतरलं की बहिरू पिशवी वर आणून देतो. त्यांचं घर बरोबर बहिरूच्या खोलीवर. पावसाळ्यात दार फुगतं म्हणून त्यांनी दोनदा सुतार बोलावला, दोनदा दार तासून घेतलं. मग मार्चमध्येही ते अडकायला लागलं. आणि एका दुपारी ते आतून असं बसलं की उघडेचना. साळुबाईंनी दोन तास हाका मारल्या. वर टीव्ही चालू, खाली पंप चालू. भिमाबाई कपडे वाळत घालायला गेली तेव्हा तिला ऐकू आलं. बहिरू पहार घेऊन वर गेला आणि दार फोडलं.

साळुबाई घामाने निथळत बाहेर आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "त्या सुताराला आणा माझ्यापुढं."

बहिरू चौकटीकडे बघत उभा होता. वरची पट्टी एका अंगाने बोटभर खाली आली होती.

"सुताराचा दोष न्हाई, म्हातारे," तो म्हणाला. "खालचं जनावर बसाया लागलंय."

रविवारी साळुबाईंची नात अक्षदा आली. ती पुण्यात इमारती तपासणाऱ्या एका फर्ममध्ये इंजिनियर आहे. तिने चौकट पाहिली, खाली आली, एका खांबाच्या पिवळ्या रंगाखालून डोकावणारी उभी चीर पाहिली, मग फलकावरचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. शेवटी ती दादाभाऊंच्या दारात उभी राहिली.

"काका, हे ऑडिट इमारतीचं असतं. वह्यांचं नाही."

दादाभाऊंनी चष्मा काढून पुसला. एवढी वर्षं ज्या शब्दावर त्यांनी भाकर खाल्ली, त्याचा दुसरा अर्थ निघाला होता, आणि तो त्यांच्या पायाखाली होता. पण सचिव तो सचिवच. ते खाली गेले, बहिरूला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे बघ. त्या पोरीच्या नादी लागून तू खांब-खांब करू नको. ऑडिट करायचं म्हणजे मंजूर नकाशा जोडावा लागतो. नकाशात तुझी खोली न्हाई. कचेरीचा साहेब आला की खांब राहिला बाजूला, पहिली खोली पाडायला सांगंल. माझ्या हातात काय राहणार न्हाई मग. पुढच्या रविवारी मिटिंग हाय. तू गप बस, मी बघतो."

हे धमकीसारखं होतं, पण धमकी नव्हती. खोली दादाभाऊंनीच बांधली होती.

बहिरूने भिमाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मग गप बसा की," ती म्हणाली. "ह्या वयात कुठं बोरीला जायचं? भावजयीच्या वसरीला पडायचं? बारा घरं हायत, बारा घरांचं बारा मालक हायत. तुमालाच काय वाजवायची हौस आलीया?"

"म्हातारी आत अडाकली व्हती."

"काढली की तुमी."

"आगं, दार व्हतं म्हणून काढली. खांब बसल्यावं काय पहारीनं उचलू?"

भिमाबाईने भाकरी उलटली.  नवऱ्याने ऐकायचं नाही असं ठरवलेलं तिला मानेवरून कळतं.

मिटिंग पार्किंगमध्येच झाली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. विषय एक, मतं चौदा. मास्तर म्हणाले, ऑडिटमध्ये इमारत धोकादायक निघाली तर आपल्याला रस्त्यावर काढतील. कोणी म्हणालं, तीस वर्षं पडली नाही ती आता काय पडते. दुकानवाले गोरखशेठ म्हणाले, "भूकंप झाला तवा पण हलली न्हाई, राव." कुठला भूकंप, हे कोणी विचारलं नाही. दादाभाऊंनी बहिरूकडे पाहिलं. बहिरू फाटकापाशी काठी टेकून उभा होता. त्याला सभेत बोलायचा अधिकार नव्हता. तो सभासद नव्हता, आणि नकाशाप्रमाणे तर तो तिथे नव्हताच.

"म्या बोलू का?" तो म्हणाला.

कोणी नाही म्हणायच्या आत त्याने जवळच्या खांबाला काठी मारली. टण. मग मास्तरांच्या खुर्चीमागच्या खांबाला मारली. ढब. मास्तर खुर्चीसकट पुढे सरकले.

"ह्यो फुगलाय. त्यो पल्याडचा फुगलाय. चार हायत. ताई म्हणतीया तपासा, तर तपासा."

"आणि तुझी खोली?" दादाभाऊंच्या तोंडून निघूनच गेलं.

"जाऊ द्या की खोली. खांब बसला तर खोली तशीबी जातीया, वरनं तुमी समदी आमच्या अंगावं."

साळुबाई हसल्या. मग बाकीचेही हसले. ठराव मंजूर झाला. सूचक: साळुबाई. अनुमोदक: मास्तर, खुर्ची बदलून.

अक्षदा पुढच्या आठवड्यात दोन माणसं आणि एक यंत्र घेऊन आली. यंत्र खांबाला टेकवून दाबलं की आतला दट्ट्या टक्कन आपटून मागे येतो आणि आकडा दाखवतो. आकडा कमी, तर काँक्रीट कच्चं. बरोबर एक साधी हातोडीही होती. बहिरू मागे मागे फिरत होता. पहिल्या फुगलेल्या खांबाला तिने हातोडी मारली आणि थांबली.

"मामा, तुम्ही हे कसं ओळखलं?"

"पोट फुगलेलं मेंढरू आसंच वाजतं."

"आमच्यातही फुगलंय असंच म्हणतात," ती म्हणाली. "आतली सळई गंजते, गंज फुगतो, वरचं काँक्रीट सुटतं. मग आवाज पोकळ येतो."

बहिरूने वळून दादाभाऊंकडे पाहिलं. दादाभाऊ पाण्याच्या टाकीकडे पाहत होते.

चारही खांब यंत्राने कबूल केले. बहिरूचा एकही चुकला नव्हता. अक्षदाने नकाशावर चार लाल फुल्या मारल्या आणि पेनाने बाकीचे मोजले.

"सी-सात राहिला."

"त्यो न्हाई," बहिरू म्हणाला. "त्यो बरा हाय."

"ठोकला का कधी?"

बहिरूने काठी पाठीमागे घेतली. सी-सात त्याच्या खोलीत होता. त्या खांबाला बिरोबा होता. ज्या काठीने मेंढरं हाकली, शेळीचं ढुंगण बडवलं, ती देवाला कशी लावायची? तीन वर्षांत त्याने इमारतीतला प्रत्येक खांब वाजवला होता, फक्त ज्याला डोकं लावून तो निजत होता तेवढा सोडून.

"देवाचा हाय त्यो, ताई."

दारातून भिमाबाई सगळं ऐकत होती. ती आत गेली, पदराने हात पुसले, फोटोच्या पाया पडली, खिळ्यावरून बिरोबा उतरवला, भंडाऱ्याची डबी उचलली आणि दोन्ही छातीशी धरून बाहेर येऊन उभी राहिली.

"देव माझ्याकडं हाय," ती म्हणाली. "वाजवा."

अक्षदाने हातोडी मारली. आवाज इतका पोकळ आला की आत कोणी राहत असावं असं वाटलं. तिने पुन्हा मारायला हात उचलला तोवर तळहाताएवढा पोपडा खाटेवर, नेमका उशीवर, पडला. मागे सळई दिसली. सळई म्हणायची एवढंच. बोटाने चुरा होत होता. वरच्या साळुबाईंचं दार का बसत होतं ते सगळ्यांना एकदम कळलं.

 भिमाबाई आत खाटेपाशी आली.

"तीन वरीस लोकांचं खांब वाजवत हिंडला ह्यो माणूस. आन सवताच्या उशाला..." तिने फोटो नीट धरला आणि उशी झटकून उन्हात ठेवली.

त्याच दिवशी सी-सातभोवती लोखंडी टेकू लागले. साळुबाई आणि करगळ नवराबायको असे तिघं साळुबाईंच्या मागच्या गॅलरीत आणि खोलीत मिळून राहिले. बिरोबा गॅस सिलिंडरवर बसला. पाच खांबांचं काम अडीच महिने चाललं: सुटलेलं काँक्रीट फोडायचं, गंज खरवडायचा, भोवती नवीन सळयांचा पिंजरा बांधायचा आणि वरून नवीन काँक्रीटचा अंगरखा घालायचा. पाणी टँकरचं. तशी अट अक्षदाने लेखी घातली होती.

तपासणीचा अहवाल गेल्यावर कचेरीचं पत्र मात्र दादाभाऊ म्हणाले होते तसंच आलं. 'सी-सात व सी-आठ दरम्यानची अनधिकृत खोली निष्कासित करून छायाचित्रासह पूर्तता अहवाल सादर करावा.' बहिरूने पत्र वाचून घेतलं आणि सामान बांधायला लागला. सामान फार नव्हतं. खाट, दोन पत्र्याच्या पेट्या, स्टोव्ह, देव. बोरीला भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, या. भावजय मागून काही म्हणाली ते फोनमध्ये नीट ऐकू आलं नाही, पण समजलं.

साळुबाई दादाभाऊंच्या दारात गेल्या.

"सेक्रेटरी, बहिरू गेला तर पंपाचा व्हॉल्व्ह कोण फिरवणार?"

 त्या व्हॉल्व्हला तीन चाव्या होत्या आणि कुठली कधी हे बहिरूशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

"आणि माझी पिशवी कोण आणणार? तुम्ही?"

"आहो, पण नियम..."

"तुमच्या वहीत आजवर कधी चूक निघाली का?"

"कधीच नाही," दादाभाऊ म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा बदलला. बऱ्याच वर्षांपूर्वी ठरावात 'स्कूटरना आडोसा' लिहिताना जसा झाला होता, तसा.

खांबाच्या कामात विटांच्या भिंती फोडाव्या लागल्याच होत्या. खोली गेली, हे खरं होतं. एका शनिवारी सकाळी साळुबाईंच्या नवऱ्याची, पंधरा वर्षं न चाललेली स्कूटर चौघांनी ढकलत सी-सात आणि सी-आठच्या मध्ये आणली. मास्तरांनी मोपेड लावली. दादाभाऊंनी स्वतः मोबाइलवर फोटो काढला, तारीख-वेळ येईल असा. रविवारी पत्र्याचे तीन तुकडे आणि एक दार आलं, सगळं नटबोल्टवर, पान्याने वीस मिनिटांत निघेल असं. अक्षदा त्या रविवारी आली नाही. ती आजीला फोनवर म्हणाली, "पत्र्याचं वजन खांबाला काही नाही. बाकी मला सांगू नको, मला सही करायची असते."

खिळा मारायला मनाई होती, म्हणून बिरोबा पत्र्याला तारेने बांधला. बहिरूने बसायच्या आधी नवा सी-सात काठीने वाजवला. टण. भिमाबाई म्हणाली, "झालं का समाधान?" त्याने दुसऱ्या बाजूनेही वाजवून घेतला.

पूर्तता अहवाल दादाभाऊंनी एकटाकी लिहिला. '१. पाच खांबांचे मजबुतीकरण अधिकृत तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली पूर्ण. २. सी-सात व सी-आठ दरम्यानची अनधिकृत खोली निष्कासित करण्यात आली असून मंजूर नकाशाप्रमाणे दुचाकी वाहनतळ पूर्ववत करण्यात आले आहे. ३. सदर ठिकाणी कोणाचेही वास्तव्य नाही. सोबत छायाचित्र.' कचेरीने अहवाल स्वीकारला. प्रकरण निकाली निघालं.

खांब चारी बाजूंनी चार बोटं जाड झाल्यामुळे बहिरूची खाट आता आडवी टाकावी लागते.